जगलेली पोरं कोणालाच आठवत नाहीत (आपली समजूत आणि खरी परिस्थिती)

वाळपईकरीण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इथे वाचते जास्त, लिहिते कमी, पण गणेशचवथीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

चवथीला मूळ घरी आम्ही सगळे जमतो, पंचवीस-तीस माणसं होतात. आरत्या झाल्या, पातोळ्या खाऊन झाल्या, माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं टांगलेली चौकट) सगळे बसले होते आणि विषय निघाला की हल्ली काय ही रोगराई, हल्लीची पोरं कशी किडकिडीत, पयलीं अशें नासलें (पूर्वी असं नव्हतं). थोरले दीर म्हणाले की पयलींचे मनीस घट आशिल्ले (पूर्वीची माणसं धट्टीकट्टी होती), औषध कसलं ते ठाऊक नव्हतं. पुतण्या इंजिनियर आहे, तोही तेच बोलत होता, जावा मान डोलवत होत्या आणि खरं सांगते, मी पण डोलवली. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात 34 वर्षं आरोग्यसेविका होते.

रात्री झोप लागेना. सासूबाईंची नऊ बाळंतपणं झाली होती त्याच घरात, त्यातली चार मुलं वर्षाच्या आत गेली. जे दीर 'घट आशिल्ले' म्हणत होते ते उरलेल्या पाचांपैकी एक. गेलेल्या चौघांना माटोळीखाली बसून बोलता येत नाही ना. जे उरले तेच बोलणार, आणि त्यांना वाटणार की सगळेच असे घट होते.

मी 1983 ला नोकरीला लागले. उपकेंद्र म्हणजे एक खोली, पावसात ओहोळ भरला की पलीकडच्या वाड्यावर जाता यायचं नाही. जुलैत हगवण सुरू व्हायची. डोळे आत गेलेलं, चिमटा काढला तर कातडी तशीच उभी राहणारं पोर घेऊन बाई यायची आणि तिने दोन दिवस पोराला पाणी दिलेलं नसायचं, कारण पाणी दिलं की जुलाब वाढतात असं सगळे सांगायचे. डोळ्याला तसंच दिसतं ना, वरून पाणी घातलं की खालून जातं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एवढ्याने पोर वाचतं हे सांगायला मला एकेका घरात तासभर लागायचा. याच्यामागे दिलीप महालनबीस म्हणून बंगालचे डॉक्टर होते, 1971 ला बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी (कॉलरा) पसरली, सलाईन संपली तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधे भरून नातेवाईकांच्याच हाती दिलं आणि मरणाचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं. आम्हाला हे ट्रेनिंगमधे सांगितलं होतं आणि मी ते वाड्यावाड्यावर सांगत फिरले.

दुसरं म्हणजे सटी, सटवाई. सहाव्या रात्री जागायचं, सटी बाळाला न्यायला येते म्हणून. सहाव्या-सातव्या दिवशी बाळं खरंच जायची, दूध ओढणं बंद, तोंड आवळलेलं, मग झटके. तो धनुर्वात, नाळेला लावलेल्या राखेतून नाहीतर गंजक्या पात्यातून. एका वाड्यावर अशी लागोपाठ दोन बाळं गेली तेव्हा लोकांनी वैजीणच्या (सुईणीच्या) घरी जाणं टाकलं, तिचा पाय वाईट म्हणाले. बिचारीने पन्नास वर्षं बाळंतपणं केलेली. आईला टीटीची (धनुर्वाताच्या लसीची) दोन इंजेक्शनं आणि नवीन ब्लेड, एवढ्याने ते थांबलं असतं. पण माणूस मेलं की आधी कोणाचं तरी नाव लागतं. 2015 ला भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं तेव्हा मी नोकरीतच होते, आमच्या वाड्यांवर कोणाला पत्ता पण लागला नाही.

1971 साली देशात जन्मलेल्या 1000 बाळांपैकी 129 वर्षाच्या आत जायची. 2020 साली 28. गोव्यात 5. हे मला पाठ आहे आणि तरी माटोळीखाली मी मान डोलवली. असं का होतं आपलं? कोणी समजावून सांगेल तर हवंय मला.

---

केरीकर

ताई, पूर्ण वाचलं. आमच्या आजीची पण सातातली चारच राहिली, आणि आजोबा आयुष्यभर सांगायचे की आमच्या वेळी दवाखाना लागत नव्हता.

---

पणजीचा_मास्तर

ताई, मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो, जमेल तसं सांगतो.

तुमच्या दिरांचं जे झालं त्याला आमच्यात 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतात, म्हणजे फक्त उरलेल्यांचाच नमुना बघणं, तुम्ही ते माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलंय. तुम्ही का मान डोलवली ते थोडं वेगळं आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1973 ला दाखवलं की एखादी गोष्ट किती वेळा घडते हे आपण मोजत नाही, ती किती पटकन आठवते यावरून ठरवतो. त्यांनी लोकांना विचारलं की इंग्रजी लिखाणात के अक्षराने सुरू होणारे शब्द जास्त, की के तिसऱ्या जागी असलेले? बहुतेकांनी सुरुवातीचे सांगितले. खरं उलट आहे, पण पहिल्या अक्षरावरून शब्द आठवतात, तिसऱ्यावरून नाही. एवढीच यंत्रणा, आणि तीच आपण साथी, खून, अपघात, परराज्यातली माणसं सगळ्याला लावतो. काहनेमनना 2002 ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ट्वर्स्की तोवर गेले होते.

आता बघा, अतिसाराने गेलेलं पोर पेपरात येतं, न गेलेलं कसं येणार? 'काल सत्तरी तालुक्यात एकही बालक दगावलं नाही' अशी बातमी कोण छापणार. जे हळूहळू रोज थोडं थोडं होतं त्याला तारीख नसते, आणि तारीख नाही तर बातमी नाही. वाईट मात्र एका दिवशी घडतं.

मी दर वर्षी एफवायच्या वर्गात विचारतो की गोव्यात एका बाईला सरासरी किती मुलं? मुलं 2, 2.5, 3 असं सांगतात. खरा आकडा 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1.3 आहे, देशाचा 2.0, आणि देशाचाच 1992-93 ला 3.4 होता. त्याच वर्गातल्या बहुतेक मुलांना एकच भावंड असतं किंवा एकही नसतं! स्वतःच्या घरात उत्तर आहे पण 'लोकसंख्या वाढतेय' हे इतक्या वेळा ऐकलंय की घराकडे बघायचं सुचत नाही. गावागावातल्या प्राथमिक शाळा पोरांअभावी बंद पडतायत हे सगळ्यांना माहीत आहे तरी दोन गोष्टी जोडल्या जात नाहीत.

---

म्हापशाचो_पायलट

मास्तर बरोबर बोलले. मी मोटरसायकल पायलट आहे, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारा, बावीस वर्षं झाली या धंद्यात. माझं निरीक्षण सांगतो. मांडवीचा पूल आला की मागे बसलेली बरीच माणसं, खास करून साठीच्या वरची, हात जोडतात. 5 जुलै 1986 ला जुना नेहरू पूल कोसळला होता ना ते अजून मनात आहे. आणि हात जोडतात तेव्हा मी दिलेलं हेल्मेट त्यांच्या कोपरात अडकवलेलं असतं. डोक्यात घाला म्हटलं तर केस विस्कटतात, जवळच जायचंय, पोलीस नाही पुढे. चाळीस वर्षांपूर्वी पडलेल्या पुलाची भीती आहे आणि पर्वरीच्या हायवेची नाही. मी स्वतः तीन जणांना रस्त्यावरून उचलून अॅम्ब्युलन्समधे घातलंय, त्यातला एक आमच्याच स्टँडचा. ते मी विसरत नाही म्हणून मी सांगत राहतो, पण ज्याने बघितलं नाही त्याला काय सांगणार.

---

ताळगावचो

अपघातांबद्दल उगाच घाबरवू नका राव. 2022 ला उत्तर प्रदेशात 22,595 माणसं रस्त्यावर मेली, गोव्यात 271. आपण लाख पटीने बरे आहोत.

---

पणजीचा_मास्तर

ताळगावकर, आकडे बरोबर आहेत पण भागाकार करा हो. यूपीची लोकसंख्या साडेतेवीस कोटींच्या आसपास, आपली साडेपंधरा लाख. लाखामागे यूपीत साधारण 10 मेले, गोव्यात 17. देशात त्या वर्षी 1,68,491, म्हणजे लाखामागे 12. आपण देशाच्या सरासरीच्या वर आहोत. मोठा आकडा एकटा बघितला की तो भयंकर वाटतो आणि छोटा आकडा एकटा बघितला की दिलासा वाटतो, दोन्ही वेळा आपण फसतो.

---

आकडेमोड

मास्तर, इथे थांबा. गोव्यात टुरिस्ट किती येतात ते धरलं का? रेंटची स्कूटर घेऊन मरणाऱ्यांत बाहेरचे पण आहेत, मग भागायला फक्त साडेपंधरा लाख का?

---

पणजीचा_मास्तर

चांगला मुद्दा, म्हणून करून बघितलं. 2019 ला सुमारे 80 लाख पर्यटक आले होते, 2022 पर्यंतचा सगळ्यात जास्त गर्दीचा आकडा घेऊ. प्रत्येकजण पाच दिवस राहिला धरा, 80 लाख गुणिले 5 भागिले 365, म्हणजे कोणत्याही एका दिवशी सरासरी एक लाख दहा हजार. 15.5 चे 16.6 लाख झाले. 17 चे 16 झाले. आपल्याला वाटतं गोवा टुरिस्टांनी भरून वाहतोय कारण आपण कळंगुटला आणि पणजीच्या चर्चसमोर असतो, त्या दिवशी काणकोणच्या आतल्या वाड्यावर कोणी नसतं.

पण तुमच्या शंकेत एक खरी गोष्ट आहे. गोव्यात नोंदणी झालेल्या गाड्या जवळजवळ माणसांइतक्या आहेत. गाड्यांनी भागलं तर आपला आकडा खूप खाली येतो. माणसांनी भागलं तर 'माझा जीव जायची शक्यता किती' कळतं, गाड्यांनी भागलं तर 'गाडी किती धोक्याची' ते. कशाने भागतोय हे आधी ठरवायचं आणि मग बोलायचं. हे भांडण चांगलं आहे, असं भांडायला पाहिजे.

---

म्हापशाचो_पायलट

मास्तर, त्या 1,68,491 मधे हेल्मेट नसलेले किती?

---

पणजीचा_मास्तर

50,029. सरकारच्याच अहवालात आहे. त्यातले 14,337 मागे बसलेले.

---

फोंड्याचा_सर्पमित्र

माझ्या विषयातलं लिहितो. पावसात मला रोज कॉल येतात, 'मण्यार आलाय, लवकर या'. जाऊन बघतो तर बहुतेक वेळा कवड्या असतो, बिनविषारी, पाली खायला घरात शिरलेला. धामण, दिवड तर किती मारल्या जातात त्याला गणती नाही. लांब दिसली की नाग म्हणतात. धामण शेतातले उंदीर खाते, ती मारल्यावर उंदीर वाढतात आणि उंदरांमागे घोणस येते, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो.

उलट पण होतं आणि ते जास्त वाईट. एका घरात रात्री खाली झोपलेल्या पोराला काहीतरी चावलं, सूज नाही, दुखत नाही, सगळे म्हणाले कवड्या असेल, सकाळी बघू. तो मण्यार होता. मण्याराचा दंश दुखत नाही फारसा, म्हणून भीतीच वाटत नाही. पहाटे पोट दुखायला लागलं आणि पापण्या मिटायला लागल्या तेव्हा धावले. नशिबाने पोहोचले, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर ठेवलं, जगला.

म्हणजे जे दुखतं, फणा काढतं, फुसफुसतं त्याची भीती, आणि जे गुपचूप चावतं त्याची नाही. देशात वर्षाला सर्पदंशाने अंदाजे 58,000 माणसं मरतात, 2000 ते 2019 च्या मृत्यूंवरून काढलेला अंदाज आहे, आणि त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरमधे. म्हणून मी 'सापाला घाबरू नका' असं म्हणतच नाही हल्ली. टॉर्च घेऊन चला, मच्छरदाणी गादीखाली खोचा, चावलं की दोरी न बांधता सरळ हॉस्पिटल, एवढं करा. भीती मच्छरदाणी खोचण्यात वापरली तर कामाची आहे, धामणीच्या डोक्यात दांडा घालण्यात वापरली तर फुकट.

---

केरीकर

कवड्या आणि मण्यार ओळखायचा कसा ते पण सांगा दादा

---

फोंड्याचा_सर्पमित्र

कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्याराचे मानेजवळ पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक होतात. पण चावलाय तर ओळखत बसायचं नाही. सरळ हॉस्पिटल.

---

कुर्ली_काणी

हे सगळं वाचून 2018 आठवलं. माझी आई बाजारात मासे विकते, आमचे खाजनातले (भरतीचं पाणी येणाऱ्या खाऱ्या जमिनीतले) आणि नदीतले, बाहेरचा माल ती घेत नाही. त्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यातून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन (नासू नये म्हणून मारतात ते विषारी रसायन) सापडल्याची बातमी आली, मग मर्यादेत आहे असं सांगितलं गेलं, मग सरकारनेच काही दिवस बाहेरची मासळी आणायला बंदी घातली. ट्रॉलर बंद असतात त्या दिवसांत, जून-जुलै, म्हणून बाजारात बाहेरचा मालच जास्त.

आईच्या टोपलीत कुर्ल्या (खेकडे) होत्या. जिवंत! पाय हलवत एकमेकींवर चढतायत, आणि बायका लांबूनच विचारायच्या, फॉर्मेलिन नाही ना गो? जिवंत कुर्लीला फॉर्मेलिन कोण मारणार, मारलं तर ती जिवंत राहील का. पण 'मासे' म्हणजे मासे, एकाला लागलं ते सगळ्यांना लागलं. आई तीन आठवडे टोपली अर्धी भरलेलीच परत आणायची. ज्याच्यात काही नव्हतं तोच माल पडून राहिला, कारण तो विकणारी माझी आई होती आणि तिच्याकडे बातमीत जाऊन सांगायची सोय नव्हती.

तरी मी त्या बायकांना दोष देत नाही. एकदा सापडलं म्हणायचं मग मर्यादेत म्हणायचं, त्यात त्यांनी कोणावर विश्वास ठेवायचा होता? माहिती अर्धवट आली की माणूस उरलेली भीतीने भरतो.

---

सांगेकर

इतका वेळ वाचत होतो, आता बोलतो. धागा चांगला आहे पण मला यात एक धोका दिसतो. 'तुम्हाला उगाच वाईट वाटतंय, आकडे बघा सगळं सुधारलंय', हे वाक्य आम्ही खाणपट्ट्यातल्या लोकांनी फार ऐकलंय. गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात सगळ्यात वरच्यांत, हे सांगून आमच्या शेतात आलेला लाल गाळ दिसेनासा होतो. सरासरी म्हणजे काय, किनाऱ्यावरचं हॉटेल आणि नेत्रावळीचं घर एकत्र करून भागलेलं. आमची बाव (विहीर) आटली हे मला आकड्यावरून कळलं नाही, कळशी बुडेना तेव्हा कळलं. आमची जाणीव चुकीची होती का मग?

आणि सगळं सुधारतंय हेही खरं नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड 1958 ला मोजायला लागले तेव्हा दहा लाख भागांत 315 होता, आज 420 च्या वर आहे. एक वर्ष खाली आलेला नाही.

---

वाळपईकरीण

सांगेकर, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मला कोणाचं तोंड बंद करायचं नाहीये, उलट आहे. माझी सासू चार पोरं गमावून बसली तेव्हा सगळे म्हणायचे बाळं जातातच, देवाची इच्छा. ते 'जातातच' म्हणणं पण एक चुकीची समजूतच होती ना? ज्यांना वाटलं की हे बदलू शकतं त्यांनी लस आणली, ओआरएस (ते मीठ-साखरेचं पाणी) आणलं. आज सगळे म्हणतात काहीच सुधारलं नाही, तेव्हा माझ्यानंतर आलेल्या पोरींना, आशाताईंना, वाड्यावर फिरताना वाटतं आपण करतो त्याचा काय उपयोग. मला राग येतो तो याचा.

तुमच्या बावीबद्दल तुमचंच खरं. तुम्ही कळशी घातली, बघितलं. मी म्हणतेय ते आपण न बघता जगाबद्दल जे ठामपणे बोलतो त्याबद्दल.

एक आठवलं म्हणून. 2015 ला आमच्याकडे पाळी गावात माकडताप आला. माणसं गेली त्यात, काजूच्या बागेत जाणारी. नावातच माकड, तर लोक माकडांनाच हाकलायला लागले, दगड मारायला लागले. चावते ती गोचीड, आणि मेलेल्या माकडावरून उतरलेली गोचीड जंगलातच असते. आम्ही घसा कोरडा करून सांगत होतो की अंगाला तेल लावून जा, अंगभर कपडे घाला, लस घ्या, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा. डोळ्याला दिसतं ते माकड, गोचीड दिसत नाही, म्हणून सगळा राग माकडावर.

---

पणजीचा_मास्तर

सांगेकर, कार्बन डायऑक्साइडबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आणि ते ताईंच्या मुद्द्यातच बसतं. 315 चे 420 हळूहळू झाले, कुठल्याही एका सकाळी काही घडलं नाही. पोरं मरायची थांबली तेही हळूहळू. हळू होणारं चांगलं दिसत नाही तसं हळू होणारं वाईटही दिसत नाही. आपलं मन पुरासाठी बनलंय, पाणी मुरण्यासाठी नाही.

भीतीमुळे माणसं कशी मरतात त्याचं एक उदाहरण देतो, पायलटदादांना पटेल. अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 ला विमानं आदळली, त्यानंतर लोक विमानाला घाबरून गाडीने लांबचे प्रवास करायला लागले. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने पुढच्या वर्षभरातले रस्त्यावरचे मृत्यू तपासले, नेहमीपेक्षा सुमारे 1500 जास्त मेले असा अंदाज निघाला. त्या 1500 जणांना कोणी स्मारक बांधलं नाही, घरच्यांनाही कळलं नसेल की हा कशामुळे गेला.

---

वास्कोत_वीस_वर्षं

लिहू की नको असं चाललं होतं. मी मूळचा खानापूरकडचा. वास्कोत वीस वर्षं आहे, मुलं इथेच जन्मली, कोंकणी माझ्यापेक्षा चांगली बोलतात. चोरी झाली आणि चोर बाहेरचा निघाला की बातमीत पहिला शब्द 'परप्रांतीय'. इथलाच निघाला की नुसता 'संशयित' किंवा 'युवक'. दहा वर्षं असं वाचलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात एकच खण भरत जातो, दुसरा रिकामाच राहतो. मग आमच्या बिल्डिंगमधे सायकल गेली की सोसायटीची नजर माझ्या पोरावर जाते. गेल्या वर्षी गेली. माझा मुलगा त्या दिवशी घरी तापाने झोपला होता. सायकल दोन दिवसांनी मागच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली सापडली, कोणीतरी लहान मुलाने नेली होती. कोणी सॉरी म्हणालं नाही, आणि मुलगा अजून खाली खेळायला जात नाही.

---

ताळगावचो

वास्कोकर, वाईट वाटलं वाचून. मी पण असाच बोलतो कधी कधी. पेपरातला तो शब्द माझ्या कधी लक्षातच आला नव्हता, आज सकाळचा पेपर परत उघडून बघितला. आहे.

---

आकडेमोड

मास्तर, मग उपाय काय? रोज बसून भागाकार करणार का माणूस?

---

पणजीचा_मास्तर

रोज नाही हो. मी वर्गात एकच सवय लावायला बघतो. ठामपणे काहीतरी बोलायच्या आधी स्वतःला विचारा की मला हे कोणी सांगितलं, आणि जे घडलं नाही ते मला कोणी सांगितलं असतं का. अर्ध्या गोष्टी तिथेच अडकतात. ताईंच्या धाग्याआधी मला स्वतःला हे इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं, पुढच्या टर्मला सासूबाईंच्या नऊ बाळंतपणांपासून सुरू करेन म्हणतो, ताईंची परवानगी असेल तर.

---

वाळपईकरीण

परवानगी आहे मास्तर, नाव नका घेऊ घराचं.

काल मी माळ्यावरून माझ्या जुन्या डायऱ्या काढल्या. सरकारी रजिस्टर वेगळं, ते जमा केलं, ही माझी स्वतःची, रात्री लिहायचे. मनात होतं की ओआरएसने बरी झालेली पोरं मोजून इथे लिहीन, पुतण्याला पण पाठवीन.

1984 च्या पावसाळ्यातलं पान उघडलं. गेलेल्या प्रत्येक पोराचं नाव आहे. बापाचं नाव, वाडा, तारीख, कितव्या दिवशी मला बोलावलं, मी काय केलं, काय करायला हवं होतं. 85, 86 तसंच. बरी झालेली शोधत बसले, संध्याकाळ झाली. नाहीयेत. एकाचं पण नाव नाही. कधीतरी 'आज 4 पाकिटं दिली', 'मोर्ले 2, पर्ये 3' एवढंच. पोर बरं झालं की मी पुढच्या वाड्यावर जायचे, लिहायला काही उरायचंच नाही. म्हणजे मी माझ्या हातानेच तशी वही लिहिली, आणि 34 वर्षं तीच वाचत आले.

---

पर्येचा_पोर

ताई, मी इथे नवीन आहे, हा धागा वाचण्यासाठीच सदस्य झालो. मी पर्येचा, जन्म 1985. तुमचं 'पर्ये 3' वाचलं आणि लगेच आईला फोन लावला, विचारलं मला लहानपणी जुलाब-वांती झाली होती का, सिस्टर आली होती का घरी. ती म्हणाली, तुला? तुला कधी काय झालंच नाही रे, तू पहिल्यापासून घट. आणि मग पाऊण तास माझ्या वरच्या बहिणीबद्दल बोलत राहिली, जी मी जन्मायच्या आधीच्या पावसात गेली. तिचं नाव काय ठेवणार होते ते मला आजच कळलं.

---

वाळपईकरीण

वाडा कुठला रे तुमचा? आईचं नाव इथे नको लिहू, मला निरोपात पाठव. मी 84 ची डायरी परत काढते.